लंडनला आलात तर एक सकाळ कॅफमध्ये घालवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत उन्हाळ्यातल्या परदेश सहलींवर जे पान आलं होतं ते मी इथे लंडनमध्ये बसून फोनवर वाचलं. त्यात म्हटलं होतं की इंग्लंडमध्ये खाण्यासारखं विशेष काही नाही, सकाळी हॉटेलचा बुफे खाऊन घ्यावा आणि रात्री एखादं इंडियन रेस्टॉरंट गाठावं. मी पंधरा-सोळा वर्षं इथे राहतेय, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते, आणि हेच वाक्य मी आत्तापर्यंत इतक्या पाहुण्यांकडून ऐकलंय की आज लिहायलाच बसले. हे बरोबर नाहीये. इथला साधा माणूस जिथे पोटभर आणि मनापासून जेवतो ती जागा आपल्या टूरवाल्यांच्या यादीत नसते एवढंच.

ती जागा म्हणजे कॅफ. कॅफे नाही, कॅफ, इथले लोक असाच उच्चार करतात. कोपऱ्यावरचं छोटं दुकान, फॉर्मायकाची टेबलं, प्रत्येक टेबलावर लाल आणि तपकिरी सॉसची बाटली, मीठ-मिरी, काउंटरमागे वाफ सोडत उभा असलेला चहाचा बॉयलर, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात सेट वन, सेट टू, सेट थ्री, प्रत्येक सेटमध्ये काय काय मिळणार ते लिहिलेलं. सकाळी सहा-सातला उघडतं, दुपारी तीन-चारला बंद. पण तेवढ्या वेळात कधीही जा, नाश्ता मिळतोच, म्हणून बहुतेक ठिकाणी ऑल डे ब्रेकफास्ट असं लिहिलेलं असतं. याला ग्रीसी स्पून असंही म्हणतात, म्हणजे तेलकट चमचा, पण ते नाव इथले लोक मायेनं घेतात.

मी पहिल्यांदा गेले ते 2010 च्या जानेवारीत. नवीन नवीन आले होते, नाइट शिफ्ट संपवून बाहेर पडले तर सकाळचे साडेसात वाजलेले आणि बाहेर मिट्ट काळोख, वर बारीक पाऊस, आणि घरी जाऊन काय करायचं तर एका खोलीत दुधात कॉर्नफ्लेक्स. माझ्याबरोबरची सीनियर होती, लीड्सकडची, तिनं माझा चेहरा बघितला असणार, म्हणाली चल. समोरच्या कॅफमध्ये नेलं. मालकीण सायप्रसची तुर्की बाई, साठीच्या आसपासची, केस बांधलेले, अंगात ॲप्रन. मी तिला घाबरत घाबरत सांगितलं की मी मांस-मासे खात नाही, अंडं खाते. ती म्हणाली, "दॅट्स ऑल राइट, माय लव्ह," आणि दहा मिनिटांत प्लेट समोर. दोन फ्राय केलेली अंडी, टोमॅटोच्या गोडसर रसातले डब्यातले पांढरे बीन्स, मश्रूम, भाजलेला टोमॅटो, हॅश ब्राउन म्हणजे बटाट्याच्या किसाची तळलेली वडी, बटर लावलेले दोन टोस्ट, आणि हातात मावणार नाही एवढा मोठा मग भरून चहा. अंड्याचा पिवळा बलक फोडला की तो बीन्सच्या रसात मिसळतो आणि मग टोस्टनं ते पुसून खायचं, हे मला त्या सीनियरनं शिकवलं. मी प्लेट अक्षरशः साफ केली. माय लव्ह असं मला त्या देशात आल्यापासून कोणी म्हटलं नव्हतं. इथे सगळ्यांनाच म्हणतात हे नंतर कळलं, पण त्या सकाळी मला वाटलं की चला, इथे आपलं निभेल.

तेव्हापासून घरी आम्ही तिला कॅफवाली मावशी म्हणतो.

आता जे मांसाहार करतात त्यांच्यासाठी पूर्ण प्लेट काय असते तेही सांगते. फुल इंग्लिश म्हणजे बेकन, सॉसेज, अंडी, बीन्स, टोमॅटो, मश्रूम, टोस्ट किंवा तळलेला ब्रेड, आणि बऱ्याच ठिकाणी ब्लॅक पुडिंग. बेकन म्हणजे डुकराचं मांस आणि सॉसेजही बहुतेक डुकराचंच असतं, ब्लॅक पुडिंगमध्ये तर डुकराचं रक्त आणि ओट्स किंवा बार्ली असते, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच सांगावं, कोणी वाईट वाटून घेत नाही. स्कॉटलंडला गेलात तर याच प्लेटमध्ये चौकोनी सॉसेज आणि बटाट्याची टॅटी स्कोन येते, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये सोडा ब्रेड, आणि वेल्समध्ये काही ठिकाणी समुद्रातलं शेवाळ शिजवून केलेलं लेव्हरब्रेड. म्हणजे आपल्याकडे जिल्हा बदलला की मिसळ बदलते तसंच.

2016 ला माझे बाबा तीन महिने राहायला आले होते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं गाडी चालवली. मी त्यांना लंडन आय दाखवलं, टॉवर ब्रिज दाखवला, ते सगळं बघून "छान आहे" म्हणायचे आणि गप्प बसायचे. एक दिवस माझी नाइट होती आणि ते सकाळी मला घ्यायला एकटे बसनं हॉस्पिटलपर्यंत आले, तर मी म्हटलं बाबा चला नाश्ता करू. आत पाऊल टाकलं, टेबलं बघितली, चमकदार हाय-व्हिज जॅकेट घातलेले कामगार बघितले, कोपऱ्यात दोन बस ड्रायव्हर युनिफॉर्ममध्ये बसलेले, आणि बाबा म्हणाले, "अगं, हे तर आपलं डेपोचं कॅन्टीन." आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला. मावशीनं विचारलं अंडी रनी म्हणजे पातळ बलकाची हवीत की वेल डन, टोमॅटो ताजे हवेत की डब्यातले, मी भाषांतर करायला जाईपर्यंत त्यांनी बोट दाखवून सांगून टाकलं होतं. चहा आला तो घोट घेऊन म्हणाले कडक आहे. या चहाला इथे बिल्डर्स टी म्हणतात, म्हणजे बांधकामावरच्या गवंड्यांचा चहा, काळपट होईपर्यंत मुरलेला, वर दूध आणि दोन चमचे साखर. बाबांनी तीन घातले.

मग त्यांनी ती तपकिरी बाटली उघडली, सॉस बोटावर घेऊन चाखला आणि लगेच म्हणाले, "यात चिंच आहे." मी म्हटलं छे, इंग्लिश सॉस आहे तो. त्यांनी चष्मा लावून लेबल वाचायला लावलं तर खरंच चिंच, आणि खजूरही. एचपी सॉस म्हणतात तो. नॉटिंगहॅमच्या गार्टन नावाच्या किराणा दुकानदारानं 1895 मध्ये त्याच्या नावाची नोंदणी केली. एचपी म्हणजे हाउसेस ऑफ पार्लमेंट, कारण तिथल्या उपाहारगृहात हा सॉस वाढतात असं त्याच्या कानावर आलं होतं, म्हणून बाटलीवर पार्लमेंटचं चित्र. आधी बर्मिंगहॅमला बनायचा, 2007 मध्ये तो कारखाना बंद झाला आणि आता नेदरलँड्समध्ये बनतो. तर ज्या देशाच्या जेवणाला आपण बेचव म्हणतो त्यांच्या कॅफच्या टेबलावर चिंच-खजुराची चटणी बाटलीत भरून ठेवलेली असते, फक्त व्हिनेगर घातलेली, आणि मी सहा वर्षं ती अंड्यावर घालून खात होते पण मला कळलं नव्हतं, बाबांच्या जिभेला एका थेंबात कळलं.

आणखी एक नातं आहे. केजरी नावाचा एक इंग्लिश नाश्ता आहे, भात, धुरी दिलेला हॅडॉक मासा, उकडलेली अंडी आणि थोडी करी पावडर. शब्द ऐकला की कळतंच, आपली खिचडी! भारतात राहून परत आलेल्या साहेबांनी ती इकडे आणली आणि व्हिक्टोरियन काळात बड्या घरांमध्ये ती सकाळच्या टेबलावर आली. कॅफमध्ये सहसा मिळत नाही, जुन्या हॉटेलांत मिळते.

बीन्सचं पण असंच. आज अगदी स्वस्तातला पदार्थ, शाळेतली मुलं बीन्स ऑन टोस्ट खाऊन वाढतात, पण हाइन्झ कंपनीचे हे डबे सुरुवातीला पिकाडिलीच्या फोर्टनम अँड मेसन या उंची दुकानात अमेरिकेहून आलेली चैनीची वस्तू म्हणून विकायला आले होते. आता विगनजवळच्या किट ग्रीनच्या कारखान्यात बनतात. ते गोड लागतात अशी आपल्या लोकांची तक्रार असते, मान्य आहे, पण नुसते खाऊच नका, अंड्याबरोबर आणि मिरपूड घालून खा.

आणि ही कॅफं चालवतं कोण? इथेच मला वाटतं आपल्या वाचकांना सगळ्यात जास्त रस वाटेल. सगळ्यात इंग्लिश म्हणावं असं हे खाणं लंडनमध्ये मुख्यतः बाहेरून आलेल्या लोकांनी शिजवून घातलंय. आधी इटालियन, मग सायप्रसचे ग्रीक आणि तुर्की. पूर्व लंडनमध्ये बेथनल ग्रीन रोडवर ई. पेल्लिची नावाचं कॅफ आहे, 1900 पासून एकाच इटालियन कुटुंबाकडे. आत लाकडाच्या तुकड्यांची नक्षी केलेल्या भिंती आहेत, 1946 ची कारागिरी, आणि 2005 मध्ये त्या वास्तूला सरकारी वारसा यादीत ग्रेड टू दर्जा मिळाला. कामगारांच्या नाश्त्याच्या दुकानाला वारसा म्हणून जपतात ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पण याच इटालियन लोकांनी काय सोसलंय तेही माहीत असावं. 10 जून 1940 ला मुसोलिनीनं ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं आणि वर्षानुवर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायला त्या कॅफवाल्यांना, आइस्क्रीमवाल्यांना शत्रू देशाचे नागरिक म्हणून पकडून नेलं. त्यातल्या बऱ्याच जणांना अरँडोरा स्टार या जहाजातून कॅनडाला पाठवत होते, ते 2 जुलैला जर्मन पाणबुडीनं बुडवलं आणि चारशेहून जास्त इटालियन त्यात गेले. मागे राहिलेल्या कुटुंबांनी तरी दुकानं चालू ठेवली. बेकन, लोणी आणि साखरेचं रेशनिंग 8 जानेवारी 1940 ला सुरू झालं होतं आणि बेकन-मटणावरचं उठलं ते थेट 4 जुलै 1954 ला, चौदा वर्षं! मोजून मापून मिळणारं बेकन पुन्हा हवं तेवढं ताटात आलं तेव्हा लोकांना काय वाटलं असेल. आमच्या वॉर्डमधल्या जुन्या पेशंट आज्या अजून अंड्याबद्दल बोलताना आवाज मऊ करून बोलतात.

नाश्त्याशिवाय दुपारचंही सांगते, थोडक्यात. थंडीत जॅकेट पोटॅटो मागा, सालासकट भाजलेला मोठा बटाटा मधे चिरून त्यात बटर, बीन्स आणि किसलेलं चीज, शाकाहारी माणसाचं पोट त्यावर संध्याकाळपर्यंत भरलेलं राहतं. बबल अँड स्क्वीक म्हणजे रविवारच्या जेवणातला उरलेला कोबी-बटाटा कुस्करून तव्यावर खरपूस परतलेला, तव्यावर जो आवाज होतो त्यावरून ते नाव पडलं, आणि तो खाताना मला दरवेळी आईची फोडणीची पोळी आठवते, उरलेल्याला चव आणायची तीच युक्ती. सॉसेज आणि मॅश म्हणजे कुस्करलेला बटाटा, आणि शेफर्ड्स पाय म्हणजे खिम्यावर तोच बटाटा पसरून भाजलेला, हे मांसाहारी लोकांसाठी. लंडनचा खास पाय अँड मॅश, म्हणजे मैद्याच्या पारीत खिमा भरून भाजलेला पाय आणि सोबत कुस्करलेला बटाटा, खायचा तर टॉवर ब्रिज रोडवर एम. मँझी आहे, 1902 पासूनचं, पण पायमध्ये बीफ असतं हे आधी लक्षात घ्या. आणि शेवटी सफरचंदाचा क्रंबल, म्हणजे फोडींवर मैदा-लोण्याचा चुरा घालून भाजलेला, वर गरम कस्टर्ड. कस्टर्ड पावडर आपल्याकडे घरोघरी फ्रूट कस्टर्डसाठी असते ना, ती बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1837 मध्ये शोधली, कारण त्यांच्या बायकोला अंड्याची ॲलर्जी होती. म्हणजे बायकोच्या पायी केलेली ही बिनअंड्याची सोय आज आपल्या किती आज्यांच्या उपयोगी पडते बघा. पण पावडरचंच कस्टर्ड आहे ना हे काउंटरवर विचारून घ्या, अंड्याचंही करतात.

शाकाहारी लोकांनी घाबरायचं अजिबात कारण नाही, बहुतेक कॅफमध्ये व्हेजी ब्रेकफास्ट पाटीवरच लिहिलेला असतो, सॉसेजही व्हेज मिळतं. दोन-तीन गोष्टी मात्र विचारा. तळलेला ब्रेड बऱ्याचदा बेकनच्या चरबीत तळतात, म्हणून टोस्टच मागा. अंडी आणि व्हेज सॉसेज बेकनच्याच तव्यावर होतात का ते विचारा, वेगळ्या पॅनमध्ये करून द्या म्हटलं तर गर्दी नसेल तेव्हा आनंदानं देतात. वुस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. स्पाँज पुडिंग किंवा स्पॉटेड डिक या मनुका घातलेल्या गोड पुडिंगमध्ये सुएट म्हणजे गुरांची चरबी असू शकते. शेंगदाणे, दूध, गहू अशा 14 ॲलर्जीच्या पदार्थांची माहिती देणं तर इथे कायद्यानंच बंधनकारक आहे, त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाची त्यांना सवय असते. टिप द्यावीच लागते असं नाही. मोठ्या हॉटेलचा बुफे खोलीच्या भाड्यात नसेल तर माणशी वीस-पंचवीस पौंड सहज घेतात, आमच्या भागात कॅफमध्ये त्याच्या निम्म्यात चहासकट प्लेट येते.

हे सगळं आत्ता का लिहिलं तेही सांगायला हवं. आमचं हॉस्पिटलसमोरचं कॅफ 2023 मध्ये बंद झालं. लीज संपली, जागेच्या मालकानं भाडं इतकं वाढवलं की अंडी-टोस्ट विकून ते निघणं शक्यच नव्हतं. शेवटच्या आठवड्यात लॅबमधले आम्ही सगळे शिफ्ट बदलून बदलून जाऊन आलो, बस ड्रायव्हर आले, मावशीनं कोणाकडून पैसे घेतले कोणाकडून नाही. मला जाताना म्हणाली, "युअर डॅड, थ्री शुगर्स." सात वर्षं झाली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्ट्रँडवरचा इंडिया क्लब बंद झाला, ब्रिटनमधून भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीग या संघटनेशी जोडलेला, 1951 पासूनचा, जिथे घरापासून लांब आलेल्या भारतीयांच्या किती पिढ्यांनी डोसा-भात खाल्ला. पिकाडिली सर्कसजवळचं न्यू पिकाडिली कॅफही 1951 चंच, ते 2007 मध्येच गेलं. या जागा गेल्या की तिथे साखळीवाली कॉफीची दुकानं येतात, आमच्या इथेही तेच आलंय. कॉफी चांगली असते तिथली, पण तिथे रात्रपाळी करून आलेल्या पोरीचा चेहरा बघून कोणी जास्तीचा टोस्ट ठेवत नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. एक तुम्हाला, की पुढच्या वेळी लंडनवर पान काढाल तेव्हा खाण्याच्या चौकटीत एखाद्या कॅफचं नाव घाला, पेल्लिचीचं घाला, पिमलिकोच्या बाजूला रीजन्सी स्ट्रीटवरच्या रीजन्सी कॅफेचं घाला, 1946 चं आहे, काळ्या टाइल्सचं, काउंटरवरून इतक्या खणखणीत आवाजात ऑर्डर पुकारतात की बाहेरच्या रांगेत ऐकू येते. दुसरी टूरवाल्यांना, की बारा दिवसांच्या सहलीत बारा सकाळी हॉटेलातच नाश्ता ठेवू नका, एक सकाळ मोकळी सोडा आणि लोकांना दोघा-चौघांच्या गटानं जवळच्या कॅफमध्ये पाठवा. पन्नास जणांची बस घेऊन जाऊ नका, जागा छोटी असते आणि रोजच्या कामगारांना टेबल मिळायला हवं.

आणि जे स्वतंत्र येतात त्यांना, पेल्लिची रविवारी बंद असतं, तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेनऊच्या सुमारास जा, सकाळची कामगारांची गर्दी ओसरलेली असते आणि दुपारची सुरू झालेली नसते. सोमवारी गेलात तर बबल आहे का विचारा. टेबल शेअर करायला सांगतील, बसा, समोरचा माणूस बोलतो. सॉसची तपकिरी बाटली आधी थोडी बोटावर घेऊन बघा.

आपली एक जुनी वाचक,
ईस्ट हॅम, लंडन